धुंडीचे सहा शेतकरी आणि आपला लिटरेचर रिव्ह्यू

पेटचा निकाल लागला, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. विषय विचारला की 'हवामान बदल आणि शेती' किंवा 'सौरऊर्जा आणि ग्रामीण विकास' असं काहीतरी सांगता. विषय चांगले आहेत, पण त्यांवरचे सिनॉप्सिस वाचले की एक वाक्य हमखास सापडतं. शब्द थोडे इकडचे तिकडे असतात, वाक्य तेच: सौरपंपामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं, कोळसा वाचतो आणि भूजलाचंही रक्षण होतं. शेवटी कंसात नाव आणि साल.

हे वाक्य मीही लिहिलंय. माझ्या पहिल्या मसुद्यात ते असं होतं: 'वीज विकण्याची सोय दिल्यास शेतकरी पाण्याचा उपसा कमी करतो, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.' सादरीकरणाच्या दिवशी समितीत भूजलशास्त्राचे एक सर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या खडकात?" मी म्हणालो, "सर, गुजरातमध्ये." खोलीत हशा पिकला. मॅडमनी (माझ्या गाईड) नंतर चहा पिताना सांगितलं, "पेपर पुन्हा वाच. या वेळी निष्कर्ष वाचू नकोस, गाव वाच."

आज तेच करू. पेपर आहे तुषार शाह आणि सहकाऱ्यांचा, २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला. नावाचा मराठी अर्थ साधारण असा: सौरऊर्जेला किफायतशीर पीक म्हणून चालना देणं. शाह आणंदच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे अभ्यासक. दक्षिण आशियातल्या भूजलावर काम करायचं असेल, तर त्यांचं 'टेमिंग द अनार्की' हे २००९ चं पुस्तक टाळता येत नाही. लिहितात सोपं, मुद्दा पहिल्या पानावर मांडतात आणि धाडसी सूचना करायला कचरत नाहीत. अशा लेखकाचा पेपर वाचताना आपण सैल पडतो, हे आधीच मान्य करून टाका.

आधी प्रश्न समजून घ्या. भारत दरवर्षी सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो, जगात सर्वांत जास्त, आणि त्यातलं बहुतेक शेतीला जातं. हे पाणी कोट्यवधी खाजगी विहिरींतून आणि बोअरमधून येतं. त्या प्रत्येकीवर मीटर बसवून माणूस नेमणं कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. विजेवर मीटर होते, पण सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत बहुतेक राज्यांनी शेतीचे मीटर काढून अश्वशक्तीवर ठोक बिल सुरू केलं. मोटर एक तास चालवा नाहीतर दहा तास, बिल तेवढंच. पुढे बऱ्याच ठिकाणी तेही माफ झालं. मग कंपनीकडे एकच उपाय उरला, वीजच कमी तास द्यायची, आणि तीही बऱ्याचदा रात्री. त्यातून आपल्याकडचं ते ओळखीचं चित्र तयार झालं: थंडीत रात्री दोनला उठून दारं धरायला जाणारा माणूस, हातात बॅटरी, पायाखाली साप असायची भीती, आणि जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात असाल तर बिबट्याचीही. ज्याला जायचं नसतं तो ऑटो स्टार्टर बसवतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू, पाणी कुठे चाललंय ते सकाळी बघायचं.

शाह यांचं म्हणणं असं. शेतकऱ्याला सौरपंप दिलात आणि तो ग्रीडला जोडला नाहीत, तर पाण्याचं वाटोळं होईल. कारण एकदा पॅनेल बसल्यावर पुढचं प्रत्येक युनिट फुकट. दिवसाची, भरवशाची, फुकट वीज म्हणजे भूजलाला मोकळं रान. पण तोच पंप ग्रीडला जोडा आणि उरलेली वीज कंपनीनं विकत घेण्याची हमी द्या. मग प्रत्येक युनिटला किंमत येते. मोटर चालू ठेवणं म्हणजे विकता आली असती ती वीज जाळणं, हे शेतकऱ्याच्या लक्षात येतं. पाण्याला मीटर न लावता पाण्याची किंमत लागू होते. युक्ती सुंदर आहे. मला ती आजही सुंदर वाटते, आणि पुढे जे लिहितोय ते ती मोडीत काढायला नाही.

या युक्तीचा प्रयोग झाला गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी. सहा शेतकऱ्यांनी मिळून सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली. अशा प्रकारची जगातली पहिली म्हणून ती गाजली. २०१६ पासून मंडळी वीज विकू लागली. वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला, दर युनिटला ४.६३ रुपये. त्यावर संशोधन कार्यक्रमातर्फे आणखी अडीच रुपये: सव्वा रुपया हरित ऊर्जेचा बोनस, सव्वा रुपया पाणी वाचवल्याचा. हातात पडायचे ७.१३ रुपये. बदल्यात मंडळीनं ग्रीडची शेतीपंपाची जोडणी मागायचा हक्क सोडला. भांडवलाचा मोठा भाग प्रकल्पानं उचलला होता.

आता गाव वाचू.

धुंडीचे हे शेतकरी आधी कशावर पाणी भरत होते? डिझेल इंजिनवर. ही गोष्ट कोणी लपवलेली नाही, धुंडीवरच्या लेखनात ती सरळ लिहिलेली आहे. मी ती दोनदा वाचून पुढे गेलो होतो. तिसऱ्यांदा वाचताना थांबलो. राष्ट्रीय प्रश्न कोणता मांडला होता? फुकट किंवा ठोक दराच्या विजेमुळे होणारा बेसुमार उपसा. प्रयोग कुठे झाला? जिथे शेतकरी लिटरला रोख पैसे मोजून डिझेल जाळत होता तिथे. डिझेलवाल्याला प्रत्येक तासाची किंमत आधीपासूनच कळत होती, आणि चांगलीच कळत होती. त्याच्याकडे सौरपंप आला की पाणी उपसणं त्याला महाग पडत नाही, स्वस्त पडतं. वीज विकून मिळणारे पैसे लक्षात घेतले तरीही इंजिनचा तास जास्त झोंबायचा. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना केली, तर पाण्याच्या बाबतीत धुंडी मूळ दाव्याची कसोटी घेतच नाही. दावा आहे फुकट विजेवरून सौरविक्रीकडे जाण्याचा. धुंडीत झालं ते डिझेलवरून सौरविक्रीकडे जाणं.

यालाच तुमच्या पुस्तकात बेसलाइन म्हणतात. तिची व्याख्या परीक्षेत सगळे बरोबर लिहितात, पेपर वाचताना कोणी शोधत नाही. मी शोधली नव्हती.

आणखी एक तपशील. मंडळीचे सदस्य शेजाऱ्यांना पाणीही विकत होते, आणि डिझेलवाल्यांपेक्षा स्वस्त. गरीब शेजाऱ्यासाठी हे चांगलंच झालं, न्यायाच्या अंगानं पाहिलं तर कदाचित प्रयोगाची सर्वांत चांगली बाजू हीच. पण उपशाचा हिशोब करताना मग एका शेताचं मोजून चालणार नाही. विहीर एक, तिच्यावर भिजणारी शेतं चार. युनिट ऑफ अॅनालिसिस काय धरलं, यावर उत्तर फिरतं.

आता सरांचा प्रश्न. खेड्याची जमीन गाळाची. वाळू आणि मातीचे जाड थर, पाणी धरून ठेवणारे, शिवाय मही नदीच्या कालव्यांचा परिसर. आपल्याकडे महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात, आणि खालच्या भेगांत. फेब्रुवारीनंतर विहीर दोन-तीन तासांत उपसते, मग थांबायचं, पाझर येईपर्यंत वाट बघायची. अशा विहिरीवर उपसा ठरवतो खडक. विजेचा दर काहीही असो, विहिरीत पाणीच नसेल तर मोटर हवा ओढणार. म्हणजे दर वाढवून उपसा कमी होईल हे गृहीतक, आणि दर शून्य केला तर उपसा अमर्याद वाढेल हे गृहीतक, दोन्ही बेसॉल्टमध्ये जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र खडक लवकर आटतो म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. विहीर आटली की शेतकरी बोअर घेतो, एक कोरडं गेलं की दुसरं, आणि त्यासाठी पैसे लागतात. वीज विकून वर्षाला तीस हजार मिळाले तर ते पैसे कुठे जातील? मुलांच्या फीला, ट्रॅक्टरच्या हप्त्याला, किंवा तिसऱ्या बोअरला. हा प्रश्न धुंडीत उद्भवत नाही, कारण तिथे तिसऱ्या बोअरची गरजच तितकी नाही.

थोडं गणित करू, कारण त्याशिवाय हा वाद नुसत्या मतांचा राहतो. कांद्याच्या एक एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायची म्हणजे साधारण २०० घनमीटर पाणी. ते २० मीटरवरून उचलायचं आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर ३१ युनिट लागतात. ४.६३ रुपयांनी १४४ रुपये. बोनस धरून ७.१३ नी सुमारे २२० रुपये. आता तुम्हीच शेतकरी व्हा. कांदा पोसायच्या अवस्थेत आहे, या आठवड्यात पाणी चुकलं तर माल बारीक राहणार. तुम्ही २२० रुपयांसाठी पाळी चुकवाल? ऊस घ्या. वर्षाला २५ पाळ्या धरल्या तर बोनसच्या दरानंही साडेपाच हजार रुपयांची वीज होते. एकरी ४० टन आणि टनाला ३ हजार धरले तर उसाचे सव्वा लाखाच्या आसपास. विजेच्या साडेपाच हजारांसाठी कोणी ऊस मोडणार नाही.

पाणी १०० मीटरवरून उचलायचं असेल तर आकडे पाचपट होतात, पाळीमागे अकराशे रुपये. तिथे दर थोडा चावायला लागतो. म्हणजे ही युक्ती जिथे पाणी खोल आहे तिथे जास्त चालेल आणि जिथे उथळ आहे तिथे कमी. शाह यांच्या बाजूनं एवढं म्हणायलाच हवं. त्यांच्या बाजूची दुसरी गोष्ट म्हणजे, किंमत लागली की पिकाची पाळी कोणी चुकवत नसलं तरी फुकट वाहणारं पाणी थांबेल. ऑटो स्टार्टर बंद होईल, बांधावरून वाहत जाणारा पाट वळवायला कोणीतरी उठेल. ही बचत किती, ते मोजता येईल. पण 'उधळपट्टी थांबते' आणि 'उपसा कमी होतो, पातळी वाढते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बेसॉल्टमध्ये बांधावरून वाहिलेलं पाणी काही अंशी पुन्हा त्याच विहिरीत मुरतं, हेही विसरू नका. (हा मुद्दा मला एका शेतकऱ्यानं सांगितला, पेपरात नंतर शोधला.)

इथपर्यंत पेपरवर टीका झाली. माझी खरी तक्रार मात्र पेपरबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे.

धुंडीनंतर गोष्टी भराभर घडल्या. २०१८ मध्ये गुजरातनं सूर्यशक्ती किसान योजना आणली. तिच्यात शेतकरी वीज विकणार होता आणि पहिली सात वर्षं त्याला युनिटला ७ रुपये मिळणार होते. २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम आली, तिचे तीन भाग: पडीक जमिनीवरचे २ मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प, ग्रीडशी न जोडलेले पंप, आणि ग्रीडला जोडलेले पंप. नंतर तिसऱ्या भागात अख्खा फीडर सौर करायची सोय जोडली गेली. सहा शेतकऱ्यांच्या प्रयोगातली कल्पना तीन वर्षांत राष्ट्रीय योजनेच्या मसुद्यात पोचते, असं संशोधकाच्या आयुष्यात क्वचित घडतं.

महाराष्ट्रात काय आलं? एक, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी इथून, आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, फार मोठी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ जमीन भाड्यानं घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, तिथे प्रकल्प उभारायचा आणि त्या उपकेंद्रावरच्या शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. ही फीडरची वाट पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं सातत्यानं मांडली होती आणि तिचा तर्क भक्कम आहे. प्रत्येक पंपावर पॅनेल बसवण्यापेक्षा एका जागी बसवणं स्वस्त पडतं, देखभाल सोपी जाते, विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास येतो आणि फीडरवरच्या सगळ्यांना एकदम फायदा होतो. दोन, २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के, आणि जमिनीच्या मानानं ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. हा पंप ग्रीडला जोडलेला नाही. आणि तीन, त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत.

आता शाह यांची युक्ती आठवा. तिचा ब्रेक कुठे होता? विकता येणाऱ्या युनिटमध्ये. सौर वाहिनीत शेतकरी वीज विकत नाही. जमीन दिलेल्याला भाडं मिळतं, इतरांना दिवसा वीज मिळते आणि बिल शून्य येतं. स्वतंत्र पंपात विकायला ग्रीडच नाही. पुढचं युनिट दोन्हीकडे फुकट. म्हणजे ज्या अवस्थेला शाह धोक्याची म्हणतात, तिच्यावरच्या योजनेचं समर्थन करायला आपण शाह यांचाच पेपर कंसात टाकतोय! मी हेच केलं होतं. माझा सिनॉप्सिस सौर वाहिनीवर होता, आणि भूजल वाचतं म्हणून मी संदर्भ दिला धुंडीचा. पॅनेल दोन्हीकडे आहेत एवढंच साम्य.

नंतर मी सहज म्हणून आमच्या विभागातले काही जुने प्रबंध चाळले. तिघांत हाच प्रकार सापडला, आणि त्यातल्या दोघांचं वाक्य इतकं सारखं होतं की तिसऱ्याच कुणाचं तरी उचललं असावं. संदर्भ एकीकडून दुसरीकडे सहज जातो, खडक आणि दर मात्र मागे गावातच राहतात.

मग काय, सौर वाहिनी वाईट? अजिबात नाही. रात्रीचं जागरण बंद होणं ही स्वतःच मोठी गोष्ट आहे, तिला भूजलाचं प्रमाणपत्र जोडायची गरज नाही. कोळशाच्या विजेमागे युनिटला ०.७ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वाचतो. दिवसा माणूस शेतात असताना पाणी दिलं तर उधळपट्टी कमी होईल, असाही अंदाज करता येतो. उलट, आठ तास भरवशाची वीज मिळाल्यावर ज्वारीच्या जागी ऊस येईल, असाही अंदाज करता येतो. कोणता खरा ठरतो ते धुंडी सांगणार नाही. ते पारनेर सांगेल, सिन्नर सांगेल, आणि दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतील. संशोधनाला जागा आहे ती इथे, 'सिद्ध झाले आहे'च्या पुढे.

किंमत लावून पाणी वाचवायचं नसेल तर दुसरी वाट कोणती, असं कोणीतरी विचारणारच. समितीनं मलाही विचारलं आणि मी लगेच हिवरे बाजार म्हणालो. नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, पाणलोटाची कामं झाली. पण आपल्या मुद्द्यासाठी कामांपेक्षा नियम महत्त्वाचे. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि किती पाणी आहे ते बघून रब्बीची पिकं ठरवायची. तिथे ब्रेक ग्रामसभेत आहे, विजेचा दर काय आहे याला फारसं महत्त्व नाही. बेसॉल्टमध्ये हे पटतं, कारण उथळ खडकात माझ्या शेजाऱ्याच्या बोअरचा परिणाम माझ्या विहिरीवर दिसतो, कधी कधी त्याच हंगामात. नियम मोडणारा कोण, हे कळायला उपग्रह लागत नाही.

पण जी पट्टी धुंडीला लावली तीच इथेही लावा. हिवरे बाजार हे एक गाव. तीन दशकं टिकलेलं असामान्य नेतृत्व, आदर्श गाव योजनेचं पाठबळ, आणि हे सगळं इतकं गाजलेलं की आता नियम मोडणं गावाला परवडत नाही. शेजारच्या गावात हेच का झालं नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय हिवरे बाजारही कंसातलं नाव होऊन बसतं. आपल्याला जी उदाहरणं आवडतात त्यांना आपण ही सूट देतो. मी दिली होती, सरांनी पुन्हा तेच विचारलं, या वेळी वेगळ्या शब्दांत: "आणि बाकीची गावं?"

तर माझं वाक्य आता असं झालंय, थोडं लांबलंय, वाचायलाही तितकं गुळगुळीत नाही: 'गाळाच्या प्रदेशात, पूर्वी डिझेल वापरणाऱ्या एका लहान सहकारी गटाला अनुदानित दरानं वीज विकण्याची सोय दिल्यावर त्यांनी वीज विकली आणि उत्पन्न मिळवले, मोफत विजेच्या, बेसॉल्ट प्रदेशातील फीडर-आधारित योजनेत उपशावर काय परिणाम होतो हे यावरून ठरवता येत नाही.' मॅडम म्हणाल्या, इतक्या अटी घातल्यास तर वाचणारा दमेल. मग म्हणाल्या, राहू दे.

आता तुमच्या कामाचं. एखादा पायलटचा पेपर हातात आला की मी सध्या पेन्सिलनं समासात चार शब्द लिहितो: आधी काय, जमीन कशी, दर कोणाच्या खिशातून, सोडलं काय. शेवटचा सगळ्यात उपयोगी निघाला. धुंडीच्या शेतकऱ्यांनी ग्रीडच्या जोडणीचा हक्क सोडला होता. आपल्याकडे ती जोडणी आता फुकट आहे. ती सोडून द्यायला कोण तयार होईल, आणि किती रुपयांत? मी अजून हा प्रश्न कुठल्याही प्रश्नावलीत पाहिलेला नाही, म्हणून माझ्या प्रश्नावलीत घातलाय.

पहिल्या फेरीत पारनेर तालुक्यातल्या एका गावात तो विचारूनही पाहिला. पासष्टीचे एक आण्णा विहिरीच्या कठड्यावर बसले होते, त्यांच्या फीडरवर दिवसा वीज सुरू होऊन काही महिने झाले होते. म्हटलं, "आण्णा, लाइटीचं कनेक्शन सोडा आणि पॅनेलची वीज विका, असं कोणी म्हटलं तर?"

आण्णा म्हणाले, "विकीन की. पर कनेक्शन कशाला सोडू?"

पाणी वाढलं की कमी झालं, असं विचारल्यावर त्यांनी विहिरीत बोट दाखवलं. आत खडकावर एक ओली रेघ होती. "औंदा तिथपर्यंत. दिवसा लाइट आली म्हणून का पाऊस बरा झाला म्हणून, ते तुम्ही शोधा." मी टेप सोडून माप घेतलं, कठड्यावर खडूनं खूण केली. पुढचं माप दिवाळीनंतर, आणि तिसरं उन्हाळ्यात, विहीर तळाला गेल्यावर. शेजारच्या फीडरवर अजून रात्रीचीच वीज आहे. तिथेही पाच विहिरी निवडल्या आहेत.